लग्न नेमकं कुठल्या जिल्ह्यात लागलं

सिंधुला फक्त एक कागद हवा होता. कागद तरी केवढा, फुलस्केपच्या निम्मा. त्यावर एवढंच लिहिलेलं हवं होतं की सिंधु आणि शांतवन यांचं लग्न झालेलं आहे. ही गोष्ट अहमदपुरात सगळ्यांना ठाऊक होती. टँकरवाल्यालाही ठाऊक होती, कारण शनिवारी ती तीनऐवजी चार घागरी भरायची. फक्त सरकारला ठाऊक नव्हती. आणि सरकारला एखादी गोष्ट ठाऊक नसली की ती खरंच घडली होती का, अशी आपल्यालाच हळूहळू शंका यायला लागते.

सिंधु अहमदपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शांतवन भूजल खात्यात होता, मुक्काम उमरी. नेमून दिलेल्या विहिरींत वजन बांधलेली फीत सोडायची, पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं, ही त्याची नोकरी. दोन वर्षं पावसाचा पत्ता नव्हता, त्यामुळे दर महिन्याला फीत जरा जास्त सोडावी लागे. शनिवारी दुपारी तो उमरीहून निघे, नांदेडला गाडी बदले, लोह्याला बदले, आणि दिवस कलताना अहमदपूरच्या स्टँडवर उतरे. इतरांचे नवरे गजरा आणतात. हा पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणायचा.

चौदा महिने असेच शनिवार-शनिवार करत गेले. मग शाळेत लिपिक असलेल्या पंचशीलाने तिला सांगितलं, की नवरा-बायको दोघंही सरकारी पगारावर असले तर त्यांना एका गावी आणता येतं. अर्ज एकतीस जुलैच्या आत गेला पाहिजे आणि सोबत लग्नाचा दाखला पाहिजे.

"दाखला हाय ना?" पंचशीलाने विचारलं.

"चर्चच्या पाळकसाहेबांच्या नोंदवहीत सह्या आहेत."

"वहीतल्या सह्या देवाला चालतात बाई. आमच्या घरात छप्पन सालापासून एकच शिकवण, कागद आधी, जेवण मागून. आमच्या लग्नात पाहुणे खिचडीची वाट बघत होते अन् मी अर्जावर सही करून राहिले होते."

तेव्हा सिंधु जूनच्या पहिल्या आठवड्यात लातूरला गेली. जिल्हा नवा होता, त्याचं तिसरंच वर्ष. पाट्यांचा रंग ताजा होता, झाडं गुडघ्याएवढी होती आणि कुठली खिडकी कुणाची हे खिडकीमागच्या माणसांनाही रोज सकाळी ठरवावं लागे. तिला भेटलेले बाबू मात्र सज्जन होते. त्यांनी नोंदवहीची नक्कल शेवटपर्यंत वाचली. इथेच घात झाला.

"लग्नाचं ठिकाण, शेषेरावांचं शेत, विहिरीजवळ," बाबूंनी वाचलं. "चर्चमध्ये न्हाई?"

"चर्चच्या आडाला पाणी नव्हतं. दोनशे माणूस जेवायचं होतं."

"बरं. मग विहीर कुठल्या गावची?"

कुठल्याही शहाण्या बाईने इथे 'अहमदपूरची' म्हटलं असतं आणि कागद घेऊन बारा वाजताची गाडी गाठली असती. पण सिंधुला अर्धं उत्तर देता येत नसे. अचूकपणा हा गुण प्रयोगशाळेत फार शोभतो. कचेरीच्या खिडकीपुढे तो काढून दाखवू नये.

"विहीर शिवेच्या पलीकडं आहे," ती म्हणाली. "म्हणजे नांदेड जिल्ह्यात. चिंचेचं झाड अलीकडं, लातूरमध्ये. मंडप दोन्हींच्या मधे होता. तो शिवेच्या कुठल्या बाजूला होता ते मी त्या दिवशी बघितलं नाही."

बाबूंनी चष्मा काढला. ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, दुखणाऱ्या दाताकडे बघावं तसे.

"बाई, तुमच्या पाळकांचा लग्न लावायचा परवाना आपल्या जिल्ह्यापुरता हाय. मंडप पलीकडं असला तर..."

"तर?"

"तर मला दाखला देता यायचा न्हाई. बाकी तुमचं काय झालं अन् काय न्हाई, ते मी कसं सांगू?"

परतीच्या गाडीत तिने हिशेब मांडला. पाळकसाहेबांना तिथे परवाना नसेल तर त्यांनी लावलेलं लग्न, लग्न नाही. लग्न नसेल, तर ती आणि शांतवन गेले चौदा महिने... इथे गाडीला जोराचा ब्रेक लागला आणि शेजारच्या बाईची टोपली सिंधुच्या मांडीवर आली. ती टोपली तिने अहमदपूरपर्यंत तशीच धरून ठेवली. पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. बाहेर काळी रानं भेगाळून पडली होती आणि त्यांच्यावर ऊन पाण्यासारखं हलत होतं.

आता हा घोर दुसऱ्या कुणाला लागला नसता. पण चर्चच्या मंडळीत दर रविवारी उपासनेनंतर तरुण मुलामुलींचा एक वर्ग भरे. विषय 'ख्रिस्ती विवाह आणि शुद्ध आचरण', आणि शिकवणारी सिंधु. हा विषय तिच्याकडे आला तो पाळकसाहेबांच्या लाजेमुळे. रेव्हरंड गुरुपादप्पा बिदरकडचे, सत्तरीला आलेले. आवाज असा की मागच्या बाकावरचं मूल झोपेतून उठावं. पण या विषयाला हात घालताना त्यांनी आदामापासून सुरुवात केली आणि हव्वा येण्याच्या आत वेळ संपवली. असे तीन रविवार झाले. चौथ्या रविवारी ते म्हणाले, सिंधुबाई विज्ञानाच्या आहेत, त्यांना शरीराची सवय आहे.

सिंधुने हा वर्ग मनापासून घेतला होता. शरीर वाईट नाही, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि आठही मुलांनी माना खाली घातल्या. देवाने ते चांगलं म्हणून केलं आहे. चांगलं आहे म्हणूनच ते कुठेही सांडायचं नाही. एका माणसाने दुसऱ्याला सगळा देह देणं हे मोठं वचन आहे. म्हणून देहाने द्यायचं वचन आधी तोंडाने, सगळ्यांसमोर, देवासमोर दिलेलं असावं. मग तिने फळ्यावर एक उभी रेघ ओढली. रेघेच्या या बाजूला लग्नाआधीचं आयुष्य, त्या बाजूला नंतरचं.

दुसऱ्या बाकावर मार्था नावाची मुलगी होती. तिने हात वर केला. "बाई, रेघेवरच उभं राहिलं तर?"

"रेघेला जाडी नसते," सिंधु म्हणाली. "तिच्यावर कुणाला उभं राहता येत नाही."

हे उत्तर वर्गाला आवडलं होतं. तिला स्वतःलाही आवडलं होतं. आता ते तिला गाडीभर आठवत राहिलं.

शनिवारी शांतवन आला. कॅन खाली ठेवला. तिने त्याला पाणी दिलं, भाकरी वाढली आणि जेवण होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, आजपासून तुम्ही ओसरीत झोपा."

"घोरतो का मी?"

"नाही. आपलं लग्न झालंय का, ते नक्की नाही."

शांतवनने हातावरचं पाणी थेंबभरही न सांडता तोंड धुतलं. त्याला सगळं हळूहळू समजून घ्यायची सवय होती. फीत तळाला लागेपर्यंत तो आकडा बोलत नसे. तिने खिडकी, बाबू, परवाना, शीव, सगळं क्रमाने सांगितलं.

"मग हे चौदा महिने?" त्याने विचारलं.

"ते अजाणता झालं. त्याचा मी विचार केला. पण आता जाणून आहोत."

"हाव. आता जाणून आहोत," तो म्हणाला, आणि चादर उचलून ओसरीत गेला. दारातून वळून म्हणाला, "ती विहीर मीच सुचवली होती. साडेतीन मीटर पाणी होतं तिला. जिल्हा बघायचं सुचलं नाही. विहिरीला जिल्हा नसतो, सिंधु."

ओसरी घरमालकीण कस्तुराबाईची. बाजही तिचीच. ही ओसरी सगळ्या गल्लीला दिसायची आणि पहाटे टँकरची रांग नेमकी तिच्यापुढून लागायची. पहिल्याच रविवारी पंचवीस बायकांनी, प्रत्येकीच्या कडेवर घागर, शांतवनला ओसरीत झोपलेला बघितला. नवरा बाहेर निजला याहून कमी बातमीवर त्या गल्लीने आठवडे काढलेले होते.

"बाई, तुमचे मालक भाईर का निजून राहिले?" कस्तुराबाई घागर ठेवून आत आली.

सिंधुने खरं ते सांगितलं. परवाना, शीव, सगळं. खरं सांगितलं की माणसं समजून घेतात, ही तिची समजूत तोवर शाबूत होती.

कस्तुराबाईने सगळं ऐकलं आणि हनुवटीला हात लावला. "आगं, मग तुमच्यात अग्नी न्हाई का? आम्ही अग्नीभवती फिरतो. अग्नीला तालुका नसतो."

"आमच्यात वचन असतं, मावशी."

"वचनाला असतो का तालुका?"

कस्तुराबाईला तिची दया आली. तिने जाता जाता सल्ला दिला, की भांडण काहीही असो, पुरण घालावं, गडी पुरणानं वळतो. दुपारपर्यंत गल्लीत पक्कं झालं की मास्तरीणबाईने नवऱ्याला लग्नाचा दाखला आणल्याशिवाय घरात घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. ही बातमी तशी खरीच होती. म्हणून तर तिला ती खोडता येईना.

ती पाळकसाहेबांकडे गेली. ते बंगल्याच्या पायरीवर, वाळलेल्या गुलाबाच्या कुंड्यांपाशी बसले होते.

"पाळकसाहेब, आमचं लग्न परत लावता का? चर्चमध्ये. दोन साक्षीदार पुरे."

"अय्यो, बेडा, बेडा." घाबरले की ते कानडीत जात, आणि 'बेडा' म्हणजे 'नको'. "एकदा लागलेलं लग्न परत लावायचं म्हणजे पहिल्या वेळी देवापुढं आपण नाटक केलं म्हणायचं. ते मी करणार न्हाई."

"आणि पहिलं लागलंच नसेल तर?"

"तर तुम्हां दोघांना आशीर्वाद देऊन घरी पाठवलं कुणी? मीच. ते सगळं माझ्या डोक्यावर." त्यांनी कुंडीतलं एक वाळलेलं पान खुडलं. "चहा घे बाळ. नुसत्या दुधाचा आहे. पाणी न्हाई."

असा पेच पडला. लागलं असेल तर पुन्हा लावता येत नाही. लागलं नसेल तर घरात घेता येत नाही. सिंधुने बीएस्सीला तर्कशास्त्राचे बरेच पेच सोडवले होते, पण त्यांतला कुठलाही ओसरीत झोपत नव्हता.

पुढच्या रविवारी पंच कमिटी बसली. पंच मारोतीराव हे निवृत्त कंपाउंडर. बोलायच्या आधी ते बाटली हलवावी तशी मान हलवत. "बाईंवर आमचा इश्वास हाय," ते म्हणाले. "पण वर्ग शुद्ध आचरणाचा हाय. तवा नक्की कळेपर्यंत बाईंनी पोरांना झाडाझुडपांचं काही शिकवावं."

शेषेरावाच्या मंडपात मारोतीरावांनी बुंदी तीनदा वाढून घेतली होती. तेव्हा त्यांना जिल्हा विचारावासा वाटला नव्हता. सिंधु 'बरं' म्हणाली आणि वर्गात जाऊन झाडाझुडपांचं शिकवायला लागली. मार्थाने हात वर केला. "बाई, परागीभवन घेता का?"

बाईंनी मुळं शिकवली.

त्या रविवारी घरी येताना तिला पहिल्यांदा रडू आलं. नवरा बाहेर, वर्ग हातचा गेलेला, अर्जाला दीड महिना उरलेला. कागद मिळाला नाही तर पुढची कितीतरी वर्षं हेच, शनिवार ते शनिवार. आणि आता तर शनिवारही ओसरीपर्यंतच.

पण शनिवारांचं काय झालं, ते सांगितलं पाहिजे.

ओसरीत बाज होती आणि बाजेच्या उशाशी घराची खिडकी होती, गजांची. दिवस मावळला की शांतवन बाजेवर बसे आणि सिंधु आतून खिडकीपाशी, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन. वीज बहुधा गेलेली असे. टँकर येऊन गेलेला असे, कुत्रीही दमलेली असत. उन्हाने तापलेल्या भिंतीतून रात्रभर पुरेल एवढी ऊब येत राही. आणि ती दोघं बोलत.

चौदा महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती. आधीचे शनिवार कसे, तर कॅन ओत, कपडे धू, बाजार आण, दिवा घालव, रविवारी उपासना, दुपारची गाडी. आता करण्यासारखं काहीच नव्हतं. तो तिला विहिरींबद्दल सांगे. उमरीकडची एक विहीर कशी अबोल आहे, वर्षभर एक आकडा सोडत नाही. दुसरी कशी नुसता पाऊस होणार ऐकूनच हातभर वर येते. ती त्याला सांगे की लहानपणी तिला वाटायचं, चर्चच्या घंटेत एक माणूस राहतो आणि त्याला रविवारीच बाहेर काढतात. हे तिने कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"विहिरीची एक चाचणी असते," एकदा तो म्हणाला. "उपसा थांबवायचा. मग काठावर बसायचं. पाणी किती वेळात किती वर येतं ते लिहायचं."

"अन् मधे काय करायचं?"

"काहीच न्हाई. नुसतं बसायचं."

"आणि वर आलंच नाही तर?"

"येतं. इतका दुष्काळ आहे तरी येतं. आपण बसायला पाहिजे."

सिंधुच्या हातातली शेंग फुटली नाही. अंधारात चेहरा कुणाला दिसत नव्हता ते बरं होतं. ती मुलांना शिकवायची ती गोष्ट, थांबण्याची, तिने आजवर एखाद्या भिंतीसारखी शिकवली होती. अमुक करू नका, तमुक ओलांडू नका. थांबण्याच्या आत पाणी भरत असतं, हे तिच्या टिपणांत कुठे नव्हतं.

त्या आठवड्यात तिला स्वप्न पडलं. ती एका विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. खाली पाण्यावर, ज्याच्यापुढे दोघांनी वचन दिलं ते मंडपातलं मेज तरंगत होतं, पांढऱ्या कापडासकट, त्यावरची फुलंही न विसकटता. विहिरीच्या आत, दगडांवर, दोन जिल्ह्यांच्या पाट्या लावलेल्या होत्या आणि दोन्ही ओल्या होत्या. मेज हळूच या पाटीकडे जाई, त्या पाटीकडे जाई. पलीकडच्या पायरीवर शांतवन उभा होता. तो म्हणाला, 'मोजू नको, हलेल.' आणि ती जागी झाली. जागी झाल्यावर तिला वाटलं, का नाही मोजायचं?

"तुमची फीत घेऊन या," तिने पुढच्या शनिवारी खिडकीतून सांगितलं.

जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी तो मधेच लोह्याच्या वाटेवर उतरला, ती अहमदपूरहून आली, आणि दोघं शेषेरावाच्या माळावर पोचली. सिंधुच्या पिशवीत लग्नाचा अल्बम, सुतळी, खुंट्या आणि शाळेतून मागून आणलेलं होकायंत्र होतं.

"या या, नवरा-नवरी," शेषेरावाने लांबूनच हाक दिली. सिंधुच्या ते जिव्हारी लागलं, पण ती नमस्कार करून कामाला लागली.

तो माळ मुरमाड होता. त्यावर नांगर फिरला नव्हता आणि फिरण्यासारखा पाऊसही पडला नव्हता. त्यामुळे पंधरा महिन्यांपूर्वी पहारीने पाडलेली मंडपाच्या खांबांची भोकं जशीच्या तशी होती. चिंचेपासून तिसरं आणि चौथं, यांच्या मधोमध मेज. फोटोत तसं स्वच्छ दिसत होतं. शिवेचा एक दगड विहिरीजवळ, दुसरा वर टेकाडावर. तिने दोन्हींमध्ये सुतळी ताणायला लावली. शांतवनने फीत धरली. वर एक घार संथ फिरत होती. इतकं शांत होतं की फितीच्या वजनाचा दगडाला लागलेला आवाज ऐकू आला.

"किती?" तिने विचारलं.

"सदतीस सेंटिमीटर."

"कुठल्या बाजूला?"

"नांदेड," तो म्हणाला.

तिने पुन्हा मोजायला लावलं. तीनदा मोजून सरासरी काढली. सरासरी सदतीसच आली. मेज पलीकडे, मेजामागचे पाळकसाहेब त्याहून पलीकडे. मेजापुढे उभी असलेली ती दोघं तेवढी लातूर जिल्ह्यात. ती मुरमावर खाली बसली. अर्ज, दाखला, वर्ग, बाज, सगळं सदतीस सेंटिमीटर लांब गेलं होतं.

शेषेराव तांब्या घेऊन आला. त्याने सुतळीकडे, खुंट्यांकडे, फितीकडे बघितलं. "ह्या दगडापासून मोजून राहिलात व्हय?"

"हा शिवेचा दगड ना?" शांतवन म्हणाला.

"हाय तर शिवेचाच. पण ह्यो तुमच्या लग्नात चुलीला घेतला व्हता की. बुंदीच्या कढईला तिसरा दगुड घावंना. मग ह्यो उपटला."

सिंधुने मान वर केली. "आणि परत ठेवला?"

"ठेवला की. दुसऱ्या दिवशी, गार झाल्यावर. हितंच कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

"म्हंजे अंदाजानं. दोन हात हिकडं, दोन हात तिकडं." त्याला तिच्या चेहऱ्याची काळजी वाटली असावी. "बाई, शिवेच्या दोन्ही अंगाला रान माझंच हाय. मी भांडू कुणाशी? माझ्याशीच?"

शांतवनने आणि तिने मिळून तो दगड कलता केला. खालची बाजू काजळीने काळी झाली होती. एका कोपऱ्यात पाकाचा ओघळ वाळून काचेसारखा झाला होता आणि तिथे मुंग्यांची एक रांग चालली होती, लातुरातून नांदेडात.

सिंधुने त्या काजळीवरून बोट फिरवलं. मग तिला हसू यायला लागलं. ती फार क्वचित हसायची, त्यामुळे तिला ते नीट थांबवताही येईना. दोनशे माणसांना बुंदी खायला घालण्यासाठी तिच्या लग्नाने जिल्हा उचलून चुलीखाली ठेवला होता.

"चूक किती धरायची?" तिने डोळे पुसत विचारलं.

"दोन हात. म्हणजे नव्वद सेंटिमीटर, दोन्हीकडं."

"सदतीस, अधिक-उणे नव्वद." तिने वहीत लिहिलं. मापापेक्षा चूक मोठी असली की ते माप काहीच सांगत नाही, हे ती आठवीच्या मुलांना दरवर्षी शिकवायची. तिने वही मिटली. शेषेराव बैलाकडे गेला होता.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी 'होय' म्हणताना तुम्ही कुठं उभे आहात ते माहीत होतं?"

शांतवनने विचार केला. फीत तळाला लागेपर्यंत तो बोलला नाही. "न्हाई. तुझ्याकडं बघत होतो, अन् लई तहान लागली होती. दोन्ही एकदमच."

तिने तांब्या त्याच्या हातात दिला. त्याने अर्धा पिऊन तिला दिला.

दुसऱ्या दिवशी उपासनेआधी तिने गुरुपादप्पांना सगळं सांगितलं, दगड आणि काजळीसकट. ते ऐकत असताना हळूहळू ताठ बसले.

"बाळ, तुझ्या लग्नाआधी तीन रविवार मी मंडळीपुढं उभं राहून विचारलं, कुणाला हरकत आहे काय. मोठ्यानं विचारलं. कुणी बोललं? जिल्ह्याला हरकत होती तर त्यानं तेव्हा उठून सांगायचं."

ती हसली. ते हसले नाहीत.

"मी फक्त मोठ्यानं विचारणारा माणूस आहे," ते म्हणाले. "लग्न तुम्ही दोघांनी लावलं. मला परवाना आहे तो विचारायचा. 'होय' म्हणायचा परवाना कुठलं सरकार देत न्हाई."

"हे तुम्ही मला त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

म्हाताऱ्याने उपरणं नीट केलं. "तेव्हा मलाच खात्री नव्हती. मलाही वाटत होतं कुणीतरी मोजून यावं."

त्या रविवारी मारोतीराव पंच उपासनेनंतर मागच्या बाकावर येऊन बसले, मुळांचा धडा कुठवर आला ते बघायला, आणि उकाड्याने त्यांचा डोळा लागला. सिंधुने फळा पुसला आणि पुन्हा उभी रेघ ओढली. पण खडू आडवा धरून, त्याच्या अख्ख्या लांबीने.

"बाई, आज रेघ जाड झाली," मार्था म्हणाली.

"तिला जाडी असते. मी चुकीचं सांगितलं होतं. साधारण दोन हात असते. तेवढ्यात माणसाने थांबावं, विचार करावा, ज्याचा हात धरला त्याला नीट विचारून घ्यावं. तिच्यावर घर मात्र बांधता येत नाही. या बाजूला तरी राहायचं, नाहीतर वचन देऊन त्या बाजूला."

मार्थाने हे वहीत लिहून घेतलं. मारोतीरावांनी झोपेतच मान हलवली.

कागदाचं म्हणाल तर सिंधुने चार पानी निवेदन लिहिलं. सोबत नकाशा, प्रमाण एकास शंभर, खांबांची भोकं, चिंच, विहीर, आणि शिवेचा दगड तुटक रेषेत. खाली टीप, 'सदर दगड हलवलेला असल्याने सीमा निश्चित सांगता येत नाही.' बाबूंनी निवेदन वाचलं नाही. नकाशा मात्र उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "नकाशा जोडलाय ना? मग झालं," ते म्हणाले. एवढं झालं तरी दाखला यायला भाद्रपद उजाडला. तोवर पंचशीलाने 'दाखला मागाहून' असं लिहून अर्ज मुदतीत पाठवला होता, पोच घेऊन. शांतवनची अहमदपूरला बदली नाताळच्या आधी झाली. पण हे सगळं पुढचं.

त्याआधीचा एक शनिवार आहे, माळावरच्या मोजणीनंतरचा लगेचचा. दिवस कलला होता. पश्चिमेला ढगाचा एक तुकडा उगीच येऊन थांबला होता आणि गल्लीतलं कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, नजर लागू नये म्हणून. शांतवन स्टँडवरून चालत आला. सवयीने ओसरीत वळला, कॅन खाली ठेवला, पिशवी ठेवायला हात पुढे केला आणि थांबला. ओसरी झाडून स्वच्छ केलेली होती. तिथे काही नव्हतं.

सिंधु दारात आली.

"दाखला आला?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने रिकाम्या ओसरीकडे बघितलं. "मग बाज?"

"कस्तुराबाईंची होती," सिंधु म्हणाली. "सकाळी परत दिली."